पॅराडाइम म्हणजे मोठा सिद्धांत का? खाजन शेतीवरच्या एका प्रबंधाच्या निमित्ताने

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी गोव्यातल्या डिचोलीची आहे आणि समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधाचा विषय तिसवाडी तालुक्यातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती: बांध पूर्वी टिकायचे, आता वरचेवर फुटतात, ते का. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात ‘सैद्धांतिक चौकट’ आणि तिसऱ्यात ‘संशोधनाचा पॅराडाइम’ लिहून आणायला सांगितले आहे. तिची अडचण अशी, की एका पुस्तकात कार्यवाद (समाजाचे भाग आपापले काम करून समतोल राखतात असे मानणारा) हा सिद्धांत म्हणून दिलाय आणि दुसऱ्यात तोच पॅराडाइम म्हणून. मग पॅराडाइम म्हणजे मोठा सिद्धांतच ना? यातला कुठला निवडायचा? आणि दोन घेतले तर चालतात का?

आधी थोडक्यात सांगतो. सिद्धांत हे एखाद्या ‘का’चे किंवा ‘कसे’चे उत्तर असते. अमुक परिस्थितीत तमुक घडते आणि ते या कारणाने घडते, एवढे त्याला सांगावेच लागते, आणि म्हणून तो चुकूही शकतो. पॅराडाइम त्याच्या आधी येतो. समाजात मुळात काय काय ‘आहे’ असे धरून चालायचे, कुठला प्रश्न विचारण्याजोगा, पुरावा म्हणून काय चालेल, उत्तर पुरे झाले असे कधी म्हणायचे, हे सगळे त्यात ठरून गेलेले असते, आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही नसतो. तेव्हा ‘मोठा’ हा शब्द प्रश्नातून काढून टाका. सिद्धांत फुगवत नेला म्हणून त्याचा पॅराडाइम होत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत.

आता तुमची दोन पुस्तके. यात तुमचा गोंधळ नाही, पुस्तकांचाच आहे. जॉर्ज रिट्झर यांनी १९७५ मध्ये समाजशास्त्रात तीन पॅराडाइम आहेत अशी मांडणी केली: सामाजिक तथ्यांचा, सामाजिक अर्थबोधाचा आणि सामाजिक वर्तनाचा. त्यांच्या मांडणीत कार्यवाद आणि संघर्षवाद हे दोघेही एकाच, म्हणजे सामाजिक तथ्यांच्या पॅराडाइममधले सिद्धांत ठरतात. का? तर दोघांच्याही लेखी समाजाची रचना व्यक्तीच्या बाहेर उभी असते आणि व्यक्तीवर दाब आणते. एकाला त्यात समतोल दिसतो, दुसऱ्याला ओढाताण, इतकेच. पुढे १९७९ मध्ये बरेल आणि मॉर्गन यांनी संघटनांच्या अभ्यासासाठी चार पॅराडाइमचा चौकोन आखला. त्यात कार्यवादी हा एक अख्खा पॅराडाइम झाला आणि मूलगामी संरचनावाद हा दुसरा. रेघ कुठे मारायची हा त्यांचा त्यांचा निर्णय होता. पाठ्यपुस्तके मात्र दोन्ही नकाशे एकाच पानावर छापतात, आणि नेट परीक्षेच्या पेपरात त्यावर जोड्या जुळवायला येतात. जोड्या पाठ करून गुण मिळवा, पण प्रबंधात ते लेबल लिहून काम भागणार नाही.

मुळाशी जायचे तर थॉमस कुन यांच्याकडे जावे लागते. ‘पॅराडाइम’ या शब्दाला आजचा अर्थ आला तो त्यांच्या १९६२ च्या वैज्ञानिक क्रांतींवरच्या पुस्तकामुळे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला फार कामाची आहे. कुन भौतिकशास्त्राचे. १९५८-५९ साली ते स्टॅनफर्डच्या वर्तनशास्त्र केंद्रात जाऊन राहिले, आणि तिथे अवतीभवती सगळे समाजशास्त्रज्ञ. त्यांना आश्चर्य वाटले ते या मंडळींच्या भांडणांचे. उत्तरांवरून तर भांडण होतेच, पण वैध प्रश्न कुठला आणि वैध पद्धत कुठली, यावरूनही होते. खगोलशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात अशी मुळावरची भांडणे रोज होताना दिसत नाहीत. हा फरक कशामुळे, हे शोधताना त्यांच्या हाती पॅराडाइमची कल्पना लागली. म्हणजे पॅराडाइम ही कल्पना आपल्याच घरातली भांडणे पाहून सुचलेली आहे, पण कुन यांनी ती लावली भौतिक विज्ञानांना, जिथे एका काळात एका शाखेवर साधारण एकाच पॅराडाइमचे राज्य असते. ‘समाजशास्त्रात चार पॅराडाइम सुखाने नांदतात’ हे वाक्य त्यांच्या हिशेबात बसवायला कठीणच. ते आपण मागाहून केलेले रूपांतर आहे. त्यात वावगे काही नाही, पण ‘कुनच्या मते सामाजिक संशोधनाचे चार पॅराडाइम आहेत’ असे लिहू नका. दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच.

कुन यांनाही हा शब्द पुरता आवरला नव्हता. मार्गारेट मास्टरमन यांनी कुन यांच्याच पुस्तकात तो एकवीस वेगवेगळ्या अर्थांनी आलेला दाखवून दिला. मग १९६९ च्या पुरवणीत कुन यांनी तो दोन अर्थांवर आणला. एक म्हणजे त्या शाखेतल्या लोकांची सामाईक बांधिलकी: कशावर विश्वास, कशाला किंमत, कुठली साधने. दुसरा म्हणजे नमुनेदार उदाहरणे, जी सोडवत सोडवत विद्यार्थी त्या शाखेत तयार होतो. हा दुसरा अर्थ आपण उगीच दुर्लक्षितो. तुम्ही समाजशास्त्र शिकलात ते व्याख्या वाचून थोडे आणि कोणाचा तरी अभ्यास वाचताना ‘असा अभ्यास करतात होय!’ असे वाटून जास्त. तुम्हाला कुठला अभ्यास वाचून असे वाटले ते आठवा. तुमचा पॅराडाइम बहुधा तिथे सापडेल.

आता खाजनाकडे येतो, कारण खरे काम तिथे आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. मांडवी-जुवारीच्या खाडीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत शेती करायची, हे खाजन. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. आत कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात होते. त्याच मानशीवर जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काची पावणी होते, बोली लागते, पैसा येतो. म्हणून मानस कोणाच्या ताब्यात आहे, ती कोण कधी उघडी टाकतो, यावर आत भात राहणार की खारे पाणी घेऊन मासळी वाढवली जाणार हे ठरते. पूर्वी या सगळ्याचा कारभार गांवकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हटले गेले तिच्याकडे होता. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक मानली गेली, आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली.

फील्डवर गेलात की एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल, कधी मराठीत, बहुतेक वेळा कोंकणीत: ‘बांध पूर्वी गावाचा होता, आता कोणाचाच नाही.’ हे एकच वाक्य वहीत लिहून घ्या आणि तीन जण त्याचे काय करतील ते पाहा.

पहिला म्हणेल, ही संस्थेच्या रचनेबद्दलची माहिती आहे. मालकी एकाकडे, देखभाल दुसऱ्याकडे, आणि फुकटचा फायदा घेणाऱ्याला अडवणारे कोणी नाही. त्याच्या दृष्टीने समाज म्हणजे नफातोटा पाहून वागणारी माणसे आणि त्यांना बांधणारे नियम. तो बांध मोजेल, फुटल्याच्या नोंदी काढेल, कुठल्या गावात संघाची वर्गणी नियमित जमते ते पाहील. याच घरात एकमेकांशी भांडणारे दोन सिद्धांत राहतात. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की सामाईक साधन शेवटी उद्ध्वस्त होते, कारण प्रत्येकाला जास्त ओरपण्यातच फायदा असतो. उपाय म्हणजे खासगी मालकी नाहीतर सरकारी नियंत्रण. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात जगभरचे कालवे, कुरणे, मासेमारीची ठिकाणे दाखवून सांगितले की असे काही नाही. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, लक्ष ठेवणारे असतील, शिक्षा चुकीप्रमाणे वाढत जाणारी असेल, भांडण मिटवायची सोपी सोय असेल आणि सरकार त्यात लुडबुड करत नसेल, तर लोक पिढ्यान् पिढ्या सामाईक साधन सांभाळतात. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते याच कामासाठी. आता हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात खरे, पण त्यांचा वाद फील्डवर मिटू शकतो. संघ मजबूत, वर्गणी नियमित, देखरेख चोख, आणि तरी बांध वारंवार फुटतो, अशी गावे भेटली तर ऑस्ट्रॉम यांच्या अनुयायांना उत्तर द्यावे लागेल. कदाचित मासळीच्या पावणीचा पैसा भातापेक्षा इतका जास्त असेल की मानस मुद्दामच उघडी राहते, आणि तो घटक सिद्धांतात घ्यावा लागेल. सिद्धांताची परीक्षा होते ती अशी.

दुसरा ते वाक्य ऐकून विचारील, ‘गाव’ म्हणजे कोण? गांवकार म्हणजे मूळ वस्ती करणाऱ्यांचे वंशज, आणि तेही पुरुषांच्या बाजूने. जोण, म्हणजे कोमुनिदादीच्या उत्पन्नातला वाटा, त्यांना मिळायचा. चिखलात उतरून बांधाला माती घालणारे त्या ‘गावात’ होते का? त्याच्या दृष्टीने समाज म्हणजे उत्पादनाचे संबंध, आणि संस्थेच्या नियमांमागे वरकड, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचे उत्पन्न, कोणाच्या घरात जातो हा प्रश्न. आपल्याकडे या वाटेचा मोठा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्माने गोव्याचेच. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर लिहिताना त्यांनी स्कंदपुराणातल्या कथेसमोर जमिनीचा, लागवडीचा, वस्तीचा पुरावा ठेवला. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही कथा खरी की खोटी एवढ्यावर न थांबता ती कोणाच्या उपयोगाची होती, हे विचारण्याची ती रीत आहे. १९६४ चा कायदा या दुसऱ्या माणसाला संस्था मोडणारी घटना वाटणार नाही; जुना संबंध तुटून नवा घडण्याची घटना वाटेल. बांध फुटणे हा त्याच्या गोष्टीतला एक प्रसंग असेल, शेवट नसेल.

तिसऱ्याला त्या वाक्याची माहिती म्हणून पडताळणी करण्यात रसच नाही. कोण बोलले, कोणासमोर बोलले, हे तो आधी विचारील. गांवकाराच्या तोंडी तेच वाक्य तक्रार असते, कुळाच्या तोंडी कधी उपरोध असतो, आणि परगावच्या विद्यार्थिनीसमोर दोघांच्याही तोंडी ते गोव्याबद्दलचे भाष्य होते: आमचे काय होते आणि काय झाले. ‘गावाचा’ हा शब्द लोक कशाकशाला लावतात, मांडाला (गावाच्या उत्सवाच्या जागेला), देवस्थानाला, कपेलाला (छोट्या चर्चला), बांधाला, आणि एखादी गोष्ट ‘गावाची’ राहिली नाही म्हणजे त्यांच्या लेखी नेमके काय गेले, हा त्याचा अभ्यास. त्याच्यासाठी समाज म्हणजे माणसांनी एकमेकांशी वागता-बोलता उभे केलेले अर्थ.

पहिल्याच्या घरातले दोन सिद्धांत बांध मोजून भांडू शकतात. पहिला आणि तिसरा तसे भांडू शकत नाहीत. तिसवाडीतला एकूण एक बांध मोजला तरी तिसऱ्याचे म्हणणे खोटे ठरणार नाही आणि खरेही ठरणार नाही, कारण तो त्या प्रश्नाचे उत्तर देतच नव्हता. तुम्ही विचारलेला फरक तो हाच. स्वतःच्या मांडणीला हा प्रश्न लावून पाहा: फील्डवर काय सापडले तर मी हे सोडून देईन? उत्तर सांगता आले तर हातात सिद्धांत आहे. ‘काहीही सापडले तरी मी त्याकडे याच नजरेने पाहीन’ असे उत्तर आले, तर तो पॅराडाइम आहे. आणि सिद्धांत म्हणून मांडलेल्या गोष्टीबद्दल असे उत्तर आले तर ती श्रद्धा आहे, मार्गदर्शकांशी बोला.

कागदपत्रांचेही तसेच. गांवकारीवर काही लिहायचे तर १५२६ चा फोराल येतोच, अफोन्सो मेशिया याने नोंदवलेल्या गांवकारांच्या चालीरीती. पहिला संशोधक तो जुन्या नियमांचा पुरावा म्हणून वाचेल आणि बरोबरच करील. दुसरा म्हणेल, मेशिया महसूल खात्याचा प्रमुख होता. कर ठरवायला बसलेल्या माणसाने लिहिलेला हा कागद आहे, तेव्हा वसुलीला उपयोगी तेवढेच त्यात आले असेल. तिसरा पाहील की बोलीत, सवयीत, वादावादीत जगणारी रीत एकदा कलमांत लिहिली गेली की तीच पुढे ‘परंपरा’ म्हणून दाखवायला उपयोगी कशी पडते. कागद तोच आणि सालही तेच, तरी पुरावा म्हणून तिघांच्या हातात वेगवेगळी वस्तू आहे. तथ्ये आधी गोळा करू, पॅराडाइम नंतर पाहू असे म्हणणाऱ्यांना मी हा फोराल वाचायला देतो.

टीका कुठल्या पातळीवर होते आहे हे ओळखायला शिकलात तर साहित्याचा आढावा लिहिणे अर्धे सोपे होईल. एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरचा १८९७ चा अभ्यास तुम्हाला अभ्यासक्रमात असेलच. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत प्रमाण जास्त, कारण प्रोटेस्टंट समुदायात माणूस समूहाशी कमी घट्ट बांधलेला असतो, हे त्यातले एक गाजलेले विधान. मोरीस आल्ब्वाक्स हे त्यांच्याच पंथातले. त्यांनी १९३० मध्ये आक्षेप घेतला तो असा: कॅथलिक लोक बहुधा खेड्यात राहतात, प्रोटेस्टंट शहरात, मग हा परिणाम धर्माचा कशावरून, खेड्यातल्या राहणीचा का नाही? हा सिद्धांतावरचा आक्षेप आहे. दोघांनाही आकडेवारी मान्य आहे, सामाजिक तथ्ये बाहेरून मोजता येतात हेही मान्य आहे. फक्त कारण कुठले यावर वाद आहे. जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये विचारले ते वेगळेच: मुळात हा मृत्यू आत्महत्या आहे असे ठरवतो कोण? पोलीस, डॉक्टर, चौकशी अधिकारी, आणि त्यांना माहिती देणारे घरचे. जिथे माणसे एकमेकांत जास्त गुंतलेली, तिथे घरचे लोक ती नोंद टाळायचा प्रयत्नही जास्त करणार. मग आकड्यातला फरक आत्महत्यांचा की नोंदींचा? हा घाव पॅराडाइमवर आहे. डग्लस यांचे म्हणणे पटले तर दुर्खीम यांचे आकडे नुसते दुरुस्त करून भागत नाही, त्या आकड्यांचे काय करायचे हाच प्रश्न उभा राहतो. आढाव्यात ‘दुर्खीमवर आल्ब्वाक्स व डग्लस यांनी टीका केली आहे’ असे एका वाक्यात दोघांना कोंबले, की परीक्षकाला कळते की वाचलेले नाही.

असाच एक आकडा आपल्या घरचा. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातले ६२ टक्क्यांहून अधिक लोक शहरी आहेत. तुम्ही ज्या गावांत फिरणार त्यांतली काही या हिशेबात शहरे असतील, पंचायत असूनसुद्धा. कारण ‘जनगणना नगरा’ची, म्हणजे जनगणनेपुरत्या शहर मानलेल्या गावाची, व्याख्या अशी: किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुष! गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बायका या तिसऱ्या अटीत कुठेच येत नाहीत. गाव ‘शहरी’ ठरले तरी त्याच्या खाजनात शेती चालू असू शकते, फक्त ती करणारा हात मोजायच्या यादीत नसतो. यावर ‘व्याख्या दुरुस्त करा, बायकांनाही मोजा’ असे म्हणणे हे पहिल्या घरातले उत्तर, आणि चांगले उत्तर. ‘काम म्हणजे काय हे पुरुषाच्या कामावरूनच का ठरते, आणि हे ठरवताना कोणाला विचारले’ असे म्हणालात, की तुम्ही स्त्रीवादी चिकित्सेच्या घरात आलात. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी असे मुळीच नाही. मोजणी सुधारायची असेल तर पहिलाच लागतो.

भारतीय समाजशास्त्रात असे नजरपालट झाल्याचे उदाहरण हवे असेल तर घुर्ये आणि श्रीनिवास यांचे घ्या. गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या शेजारचे, मालवणचे. जातीचा अभ्यास करताना त्यांच्या हाताशी धर्मग्रंथ, इतिहास, संस्कृत साधने असत. त्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला गेले आणि परतल्यावर त्यांनी गावात राहून पाहिलेली जात मांडली. ग्रंथातल्या चार वर्णांपेक्षा गावात जमीन, संख्या आणि वजन कोणाकडे आहे याला किंमत आली, आणि प्रभुत्वशाली जात ही संकल्पना त्यातूनच निघाली. यात पुरावा म्हणून काय धरायचे तेच बदलले, आणि गुरू चुकीचे ठरले म्हणून काही ते बदलले नाही. जाता जाता: ‘संस्कृतीकरण’ किंवा ‘प्रभुत्वशाली जात’ ही नावे नुसती लिहिली म्हणजे सैद्धांतिक चौकट झाली असे नाही. त्या संकल्पना आहेत. कधी, कोणाच्या बाबतीत, का, हे जोडाल तेव्हा सिद्धांत होईल.

पॅराडाइम आणि सिद्धांत यांचे आपसातले नाते कसे, हाही तुमच्या प्रश्नाचाच भाग. पॅराडाइम सिद्धांताला जागा देतो आणि कुंपणही घालतो. पण सिद्धांत हा काही त्याचा पाळीव प्राणी नसतो. तथ्ये विरोधात गेली की आधी सिद्धांताची डागडुजी होते, गाभ्याला कोणी हात लावत नाही. इम्रे लाकातोश यांनी हे फार नेमके मांडले आहे: संशोधनाच्या कार्यक्रमाला एक कठीण गाभा असतो आणि भोवती बचावाचा पट्टा, मार बसतो तो पट्ट्याला. डागडुजीतून नवे काही कळत राहिले तर कार्यक्रम जिवंत, नुसतीच सारवासारव होत राहिली तर तो उतरणीला लागला. वर मासळीच्या पावणीचे उदाहरण दिले त्यात ऑस्ट्रॉम यांचा सिद्धांत सुधारला गेला, पण ‘माणूस नफातोटा पाहतो’ हा गाभा जागचा हलला नाही. तो हलायला वेगळ्या जातीची गोष्ट दिसावी लागते. समजा पैशाचे गणित सगळे विरोधात असूनही एखाद्या वाड्यावरचे लोक दरवर्षी बांध बांधायला उतरतात, आणि विचारले तर कारण सांगतात ते देवस्थानाच्या मानाचे. असे एकदा दिसले तर अपवाद म्हणून सोडता येईल. पुन्हा पुन्हा दिसू लागले की पहिल्या संशोधकाला तिसऱ्याचे दार ठोठावावेसे वाटू लागेल.

काही पद्धती घर बदलूनही राहतात. ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या सामग्रीतूनच सिद्धांत घडवण्याची पद्धत, ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये आणली तेव्हा तिचा रोख ‘सामग्रीत दडलेला सिद्धांत शोधून काढणे’ असा होता. पुढे कॅथी चारमॅझ यांनी तीच पद्धत ‘संशोधक आणि लोक मिळून अर्थ घडवतात’ या भूमिकेवर नेली. म्हणून ‘मी ग्राउंडेड थिअरी वापरणार’ एवढ्याने तुमचा पॅराडाइम कळत नाही. मुलाखत घेतली म्हणजे अर्थनिर्वचनवादी (लोकांनी लावलेले अर्थ शोधणारा) आणि सर्वेक्षण केले म्हणजे प्रत्यक्षार्थवादी (बाहेरून मोजता येणारेच मानणारा), हा समज तर आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांत आढळतो. मुलाखतींतले शब्द मोजून टक्केवारी काढणारा पहिल्याच घरात बसलेला असतो. पद्धत कुठल्याही घरात उसनी नेता येते.

यातून ‘दोन चालतात का’ याचे उत्तर निघते. पद्धती हव्या तेवढ्या घ्या, वेळ आणि पाय पुरतील इतक्या. सिद्धांत दोन घेतलेत तर फारच चांगले, पण ते एकाच प्रश्नाची वेगळी उत्तरे देणारे असावेत, म्हणजे फील्डवर त्यांच्यात निवड करता येईल. हार्डिन आणि ऑस्ट्रॉम ही जोडी तुमच्यासाठी तयारच आहे. पॅराडाइमचे मात्र जपून. बरेल आणि मॉर्गन यांच्या मते तर एका वेळी दोन घरांत पाय ठेवता येतच नाही. मिश्र पद्धतीवाले ‘प्रश्नाला जे उपयोगी ते घ्या’ असे म्हणून व्यवहारवादाचा आधार घेतात. माझा कल या दुसऱ्यांकडे आहे, पण एका अटीवर: कुठला निष्कर्ष कुठल्या नजरेतून आला हे वेगळे सांगता आले पाहिजे. आधीच्या प्रकरणात बांध मोजले, पुढच्यात ‘गावाचा’ या शब्दाचा अर्थ शोधला, असे करता येते. ‘८० टक्के लोकांच्या मते वास्तव हे सामाजिकदृष्ट्या रचलेले आहे’ असली वाक्ये मात्र दोन घरांची भिंत पाडून त्याच विटांनी बांधलेली असतात. आणि एम.ए.च्या प्रबंधाला एक नजर नीट सांभाळणे पुरे. मुदत छोटी असते आणि जून लागला की खाजनात फिरणे बंद.

कुठला निवडू, हा प्रश्न राहिला. निवडू नका, ओळखा. तुम्ही विषय लिहून पाठवलात त्यात तो आधीच बसलेला आहे. ‘बांध पूर्वी टिकायचे, आता फुटतात, ते का’ हा कारणाचा प्रश्न आहे, आणि फुटणे ही बाहेरून पाहता येणारी, मोजता येणारी गोष्ट आहे असे तो गृहीत धरतो. म्हणजे तुम्ही पहिल्या घरात आहात, सौम्य स्वरूपात का होईना. त्यात लाजण्यासारखे काही नाही. हल्ली ‘प्रत्यक्षार्थवादी’ ही शिवी झाल्यासारखी वाटते, म्हणून विद्यार्थी तिसऱ्या प्रकरणात ‘रचनावादी’ (वास्तव माणसे मिळून रचतात असे मानणारा) लिहितात आणि चौथ्यात काय-वर्ग ही आकडेवारीची चाचणी लावतात. परीक्षक प्रत्येक वेळी तिथेच बोट ठेवतो.

तेव्हा तिसरे प्रकरण पानभर व्याख्यांनी सुरू करू नका. गुबा आणि लिंकन यांचा पॅराडाइमची तुलना करणारा तक्ता सगळ्यांकडे आहे, तो पुन्हा छापू नका. सरळ लिहा: मी बांधाचे फुटणे ही नोंदवता येणारी घटना मानते, तिची कारणे गावागावांत तुलना करून शोधता येतील असे मानते, माझ्या नोंदी चुकू शकतात, म्हणून त्या पंचायतीच्या, कुळांच्या संघाच्या आणि लोकांच्या सांगण्याच्या अशा तीन बाजूंनी ताडून पाहणार आहे, ‘गावाचा’ या शब्दामागचे अर्थ या प्रबंधाच्या कक्षेत घेतलेले नाहीत. झाला पॅराडाइम, चार वाक्यांत. दुसऱ्या प्रकरणात हार्डिन आणि ऑस्ट्रॉम समोरासमोर ठेवा, ऑस्ट्रॉम यांच्या अटींपैकी तुमच्या गावांत तपासता येतील तेवढ्याच घ्या, आणि प्रत्येकीपुढे काय दिसले तर ती अट लागू नाही असे म्हणाल, ते लिहा. कोसंबींचा रस्ता मनात घोळत असेल तर आत्ताच सांगा, कारण मग प्रश्नच बदलावा लागेल: ‘बांध का फुटतात’ऐवजी ‘बांध टिकत होते तेव्हा ते कोणाच्या श्रमावर टिकत होते’. तो प्रबंध मला जास्त वाचावासा वाटेल, पण त्याला कोमुनिदादीची जुनी दप्तरे चाळावी लागतील, आणि ती पोर्तुगीजमध्ये आहेत.

फील्डवर जाण्याआधी तुमची प्रश्नावली मला पाठवा. तिसऱ्या प्रश्नात ‘बांधाची पारंपरिक व्यवस्था कोलमडण्याची कारणे कोणती?’ असे असेल, तर ते ‘बांधाचे काम सध्या कोण करते, आणि गेल्या पावसाआधी कोणी केले?’ असे करा. पहिल्या रूपात उत्तर तुम्हीच भरून दिले आहे.